टेकडीवरचे तीन संडास

प्रवासाहून परतलेली माणसं सूर्योदयाबद्दल बोलतात, धुक्याबद्दल बोलतात, चुलीवरच्या भाकरीबद्दल तर फारच बोलतात. त्या सूर्योदयाआधी आपण कुठे जाऊन आलो, हे मात्र कोणी सांगत नाही. तीन दिवस तंबूत राहून मला परत येऊन आठवडा झाला. स्टाफरूममध्ये जो तो विचारतो, "काय मॅडम, कसा होता निसर्ग?" निसर्ग चांगला होता. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला सांगायचंय ते तिथल्या संडासांबद्दल. ज्यांना पुढे वाचवणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मला राग येणार नाही.

आम्ही सुकापूरला राहतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णी सर रिटायर झाल्यापासून निसर्गप्रेमी झालेत. त्यांनीच हा मुक्काम ठरवला: माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी, धरणाच्या काठावर, शनिवार ते सोमवार. नोटीस बोर्डावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "तंबूत निवास, चुलीवरचे जेवण, निसर्गाच्या सान्निध्यात स्वच्छतागृहे." तो शेवटचा शब्द वाचून माझ्या सासूबाई लिफ्टसमोर थांबल्या.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, बहात्तर वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चालता येतं, पण उकिडवं बसता येत नाही. तेव्हापासून त्यांच्या जगाचा नकाशा कमोडांवर बेतलेला आहे. खारघरची मुलगी चालते, कारण तिच्याकडे कमोड आहे. जासईला, म्हणजे आमच्या जुन्या गावाला, चुलत दिरांनी नवं घर बांधलं तेव्हा आईंनी जिन्याआधी कमोड पाहिला. उलव्याच्या भाचीच्या लग्नाला मात्र त्या गेल्या नाहीत. तिथे हॉलवर काय असेल याची खात्री नव्हती. "डोकं दुखतंय," असं सगळ्यांना सांगितलं.

आणि त्या माहेरी गेल्या नव्हत्या. माहेर त्याच धरणाजवळचं. तिथे त्यांचा धाकटा भाऊ दामा राहतो. त्याच्या घरी इंडियन संडास आहे. दामामामांचे फोन यायचे, आई काहीतरी कारण सांगायच्या. हळूहळू फोन कमी झाले.

"सरांना इचार, तिथं बसायचा हाय का?" आईंनी मला सांगितलं. मी विचारलं.

"अहो, वेस्टर्न आहे, उत्तम आहे," कुलकर्णी सर म्हणाले. "मी फोटो पाहिलाय."

तेवढ्यावर आईंनी बॅग भरली. नव्वारी पातळ, गोळ्या, आणि भावासाठी जासईच्या सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी.

शनिवार, धरणाकाठी

मुक्कामाची जागा इक्बालभाईंची. हे पनवेलचे, पंचावन्नच्या आसपासचे. अठरा वर्षं आखातात काढून परत आलेले. माणसं आल्याआल्या ते पाणी देतात, तंबू लांबूनच दाखवतात आणि म्हणतात, "तंबू सगळीकडे सारखेच. चला, माझी खरी मेहनत दाखवतो."

त्यांची खरी मेहनत टेकडीवर होती. तीन खोल्या, कुडाच्या भिंती, वर कौलं, आणि तिथवर जायला दगडी पायऱ्या. पायऱ्या एकतीस होत्या. मी चढताना मोजल्या, आईंनी खालूनच मोजल्या.

"इतक्या वर का?" मी विचारलं.

"खाली धरण आहे ना, मॅडम. मैला पाण्यापासून लांब पाहिजे. आणि वर हवा आहे."

दोन्ही कारणं बिनतोड होती. धरणाची काळजी त्यांनी घेतली होती, गुडघ्यांची राहून गेली होती.

पहिला संडास म्हणजे सरांनी फोटोत पाहिलेला तो वेस्टर्न. कमोड दोन फुटांच्या चौथऱ्यावर, आणि समोरचं दार छातीपर्यंतच. बसलं की दारावरून धरण दिसावं, पलीकडचा डोंगर दिसावा, अशी योजना. पाय जमिनीला लागत नाहीत, झोपाळ्यावर बसल्यासारखे लोंबतात. आपल्याला धरण दिसतं तेव्हा धरणाकाठच्या लोकांनाही आपण दिसतो, एवढं मात्र त्या योजनेत धरलेलं नव्हतं.

दुसरा इंडियन. गवंड्याने भांडं उलटं बसवलेलं. त्यामुळे माणसाचं तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे, आणि नळ पाठीमागे हात पुरणार नाही अशा जागी. कडीऐवजी सुतळी. ती एका हाताने धरून ठेवायची. उरलेल्या एका हाताने काय काय करायचं, हे ज्याने त्याने ठरवायचं.

तिसऱ्यात पाणीच नव्हतं. खाली खड्डा, वर दोन फळ्या, कोपऱ्यात भाताच्या तुसाची बादली. काम झालं की दोन ओंजळी तूस टाकायचं. वास नाही, माशी नाही, ओल नाही. तिन्हींत शहाणा तोच होता, पण लोकांना तो गरीब वाटला. त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही.

प्रत्येक खोलीबाहेर एक काठी आणि तिच्यावर लाल फडकं. आत जाताना फडकं वर चढवायचं, बाहेर येताना उतरवायचं. पायऱ्या फुकट चढाव्या लागू नयेत म्हणून ही सोय. "आम्ही कंपनीच्या कॅम्पवर असंच करायचो," इक्बालभाई म्हणाले.

मी खाली आले तेव्हा आई तंबूसमोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"कसा हाय?"

"चढायचंय थोडं," मी म्हणाले.

"थोडं," आई म्हणाल्या आणि धरणाकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. सांगलीच्या माझ्या माहेरी हुरडा असतो, तसाच हा इथला हिवाळा. इक्बालभाईंच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, शाकाहारी लोकांसाठी वेगळं मडकं लावलं होतं. कुलकर्णी सर शेंगा सोलता सोलता म्हणाले, "नैसर्गिक विधी निसर्गातच व्हावेत, हीच आपली खरी संस्कृती." सरांच्या घरी दोन संडास आहेत, दोन्हींना गिझर आहे.

पोपटी म्हणजे आईंचा जीव की प्राण. त्यांनी दोन शेंगा खाल्ल्या.

"पोट भरलं?"

"भरलं."

पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळच होता. भरलेला होता तसाच राहिला. माझ्या ते लक्षात आलं नाही. मी दिवसभर मुलांच्या वर्गाकडे लक्ष ठेवणारी बाई, पण हे माझ्या लक्षात आलं नाही, एवढं लिहून ठेवते.

रविवार, सकाळ

सकाळी सगळे खाली चहा-पोहे खात बसलेले. टेकडीवर पहिल्या खोलीचं फडकं चढलं. थोड्या वेळाने दाराच्या वर कुलकर्णी सरांचं डोकं उगवलं, माकडटोपीसकट. चौथऱ्यामुळे ते दिसत होते खांद्यापर्यंत, अगदी व्यासपीठावर बसल्यासारखे. आमच्याकडे बघून त्यांनी हात हलवला.

"इथून फार सुंदर दिसतंय," ते वरून म्हणाले.

खालच्या मंडळींनी एकमेकांकडे न बघता आपापल्या खुर्च्या धरणाकडे फिरवल्या.

दुसऱ्या खोलीचं फडकंही वर होतं. पायऱ्यांवर आमच्या सोसायटीतल्या पाच बायका उभ्या. आत कोण आहे कोणास ठाऊक, पण त्याला घाई करणं बरं नाही, म्हणून सगळ्या शांत. वीसेक मिनिटांनी एकीने धीर करून दार ओढलं. आत कोणी नव्हतं. आदल्या दिवशी कोणीतरी फडकं उतरवायला विसरलं होतं आणि एका फडक्याच्या अदबीने पाच बायका ताटकळल्या होत्या.

हे सगळं मी आईंना हसत हसत सांगत होते. दुपारी दामामामांकडे जेवायला जायचं ठरलं होतं. पायी पंधरा मिनिटांची वाट. आई काठी घेऊन उठल्या, दोन पावलं टाकली आणि त्यांचा हात हवेत काहीतरी शोधायला लागला. मी धरलं नसतं तर त्या चुलीच्या दगडांवर पडल्या असत्या. चेहरा पांढरा, ओठ कोरडे, बोट लावलं तर सालं निघतील असे.

जुबेदाभाभी धावत आल्या. त्यांनी नाडी बघितली नाही की कपाळाला हात लावला नाही. सरळ विचारलं, "पाणी कधी प्यायलात?"

आईंनी भरलेल्या तांब्याकडे पाहिलं.

"मावशी, कधी?"

"काल. सकाली. घरी."

भाभींनी साखर-मिठाचं पाणी आणलं. आईंनी तोंड फिरवलं. "नको. प्यालं का जावं लागतं."

"मग जाऊ ना, मी येते," मी म्हणाले.

"कुठं? त्या माळ्यावर?" आई माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. "माझे पाय लोंबतीन तिथं, नीता. नि सगला गाव बघंल."

आम्ही त्यांना चमच्याने पाणी पाजलं. इक्बालभाई बाजूला उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मावशी," ते म्हणाले, "अठरा वर्षं मी दुसऱ्यांचे संडास सांभाळले. वाळवंटात पत्र्याचे डबे असायचे. खिडकी नाही, झरोका नाही. आत गेलं की तव्यावर ठेवल्यासारखं. माणसं रडत बाहेर यायची, खरं सांगतो. तेव्हाच ठरवलं होतं, घरी गेल्यावर असा बांधीन की आत बसलेल्याला खुदाची कुदरत दिसली पाहिजे."

"मी तेव्हाच बोलले होते," जुबेदाभाभी म्हणाल्या. "बाईमाणसाला खिडकी नको. दार पाहिजे."

आईंनी डोळे उघडले. त्यांनी भाभींकडे पाहिलं आणि मग त्या बोलायला लागल्या. या घरात सून म्हणून येऊन मला चोवीस वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

"इथं आमच्या गावात झाडी व्हती," आई म्हणाल्या. "बाया पहाटे जायच्या, आडोसा मिलायचा. जासईला लगीन होऊन गेले तं सगलं मिठागर. सपाट. झाड नाय, झुडूप नाय. उजाडायच्या आधी नाय गेली तं दिवसभर धरून ठेवायचं. मी पानीच सोडलं. पयल्या खेपंला दिवस व्हते, तवा ताप आला, लघवीला जलजल. पोर गेलं."

कुलकर्णी सर टेकडीवरून उतरून आले होते, तेही टोपी काढून उभे राहिले.

"मंग मी माहेरी आले. दामाला सासऱ्याकडं धाडला. सांग बोलले, घरात संडास बांधा, कवाडाला आतून कडी लावा, तवा येतंय. पाच महिने ऱ्हायले. गाव हसला. सासऱ्याने बांधला. मंग तोच गाव बघायला आला, नि मंग रांग लावायला आला." त्यांनी तंबूंच्या ओळीकडे पाहिलं. "आमी जन्मभर घरात पायजे म्हणून भांडलो. नि तुमी शिकलेली माणसं सुट्टी काढून बाहेर जायला येतंव."

रविवार, दुपार

इक्बालभाई थोडा वेळ दिसले नाहीत. आले ते करवत, कानस आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन.

"मावशी, तुम्ही सांगा. मी बनवतो."

तंबूंच्या ओळीच्या शेवटी सामानाचा एक छोटा तंबू होता. सपाट जमिनीवर, आईंच्या खुर्चीपासून वीस पावलांवर. तो रिकामा केला. बैठकीखाली ठेवायला बादली आणि वर टाकायला तूस तिसऱ्या खोलीतून आलं. भरलेली बादली वरच्या खड्ड्यात नेऊन टाकायची जबाबदारी इक्बालभाईंनी स्वतःकडे घेतली. राहिली बैठक. प्लॅस्टिकच्या खुर्चीला त्यांनी मधोमध भोक पाडलं आणि कडा घासल्या. आधी कोणीतरी बसून बघायला हवं, असं ठरलं. कुलकर्णी सर पुढे झाले. बहुधा सकाळपासून त्यांच्या मनात काहीतरी सलत असावं. ते बसले, "उत्तम," म्हणाले, आणि खुर्चीचे चारही पाय चार दिशांना गेले. सर बसलेल्या अवस्थेतच जमिनीवर आले. फारसं लागलं नाही. पण नंतर मुक्काम संपेपर्यंत निसर्गाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

इक्बालभाई उठून गेले आणि स्वतःची लाकडी खुर्ची घेऊन आले. हात असलेली, सागवानी, जिच्यावर बसून ते येणाऱ्या पाहुण्यांची नावं लिहीत.

"अहो, ही नको," मी म्हणाले.

"मॅडम, खुर्ची बसण्यासाठीच असते," ते म्हणाले आणि मधल्या दोन फळ्या उचकटायला लागले.

आई आता सावलीत बसून मुकादमगिरी करत होत्या. पाणी अजून घोट घोटच चाललं होतं. "उंची बघ. माझ्या गुडघ्याच्या वर नको, खाली पन नको." मी काठी त्यांच्या गुडघ्याला लावून बोटाने खूण केली, आणि खुर्चीचे पाय त्या खुणेला कापले. "हात हालतंय का? दाब." मी दाबला, हलला नाही. "तूस उजव्या हाताला ठेवा. पान्याचा टमरेल डाव्या." खुर्ची जिथे ठेवायची तिथली जमीन त्यांनी काठीने ठोकून बघितली.

शेवटी प्रश्न आला दाराचा. तंबूला चेन होती.

"ही भायेरनं उघडते," आई म्हणाल्या.

"मी बाहेर उभी राहीन ना," मी म्हणाले.

"आतून कडी पायजे."

"मावशी, कापडाला कडी कशी लावणार?" इक्बालभाईंनी विचारलं.

जुबेदाभाभी उठल्या, स्वयंपाकघराकडे गेल्या आणि नवऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून कोठीच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उचकटून आणलं. दोन वासे पुरून ते तंबूच्या तोंडाशी उभं केलं. आतून लोखंडी कडी, जाड, करकर वाजणारी. तिन्ही बाजूंना कापड, कोणीही बोटाने ढकलावं असं. चौथ्या बाजूला मात्र दरोडेखोरांनाही दाद देणार नाही असं दार. असं बांधकाम मी आजवर पाहिलेलं नाही, पुढेही दिसेल असं वाटत नाही.

आई आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. ती एकदा काढून त्यांनी पुन्हा लावून बघितली. आमची सगळी मंडळी कोणी न सांगता धरणाच्या काठावर गेली आणि तिकडे तोंड करून उभी राहिली. कोणीतरी खंड्या पक्षी दाखवायला लागलं. तिथे खंड्या नव्हता, पण सगळ्यांनी पाहिला.

दहा मिनिटांनी कडी वाजली. आई बाहेर आल्या, हात धुतले, पदर सारखा केला आणि तांब्या मागितला. एक संपवला. दुसरा संपवला. जुबेदाभाभी तोंडाला ओढणी लावून रडत होत्या.

"बरा झालाय," आई इक्बालभाईंना म्हणाल्या. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक त्यांनी माझ्या स्वयंपाकालाही कधी दिलेलं नाही.

रविवार, आईंच्या माहेरी

जेवणाची वेळ टळून गेली होती. इक्बालभाईंनी आम्हाला त्यांच्या गाडीतून सोडलं.

दामामामा ओट्यावर उभे होते. पासष्टीचे, बारीक, बहिणीसारखेच नाकेले. त्यांनी "ये" म्हटलं, पण पुढे आले नाहीत. मामींनी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या बांगड्याचं तिखलं वाढलं. मामा समोर बसले, जेवले नाहीत. आईंनी सोड्यांची पुडी दिली. मामांनी ती हातात धरून ठेवली.

"अक्का," ते म्हणाले, "राग गेला का तुझा?"

"कसला राग?"

"वरचा वावार इकला म्हणून. आपल्या आयची आंब्याची झाडं व्हती त्यात. तू सही दिलीस, काय बोलली नायस. पन त्यानंतर एकदा पन उंबरठा चढली नायस. तीन वर्सं झाली. मना समजलं. मी फोन करनं सोडलं."

आईंचा हात ताटात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं. मला वाटलं, आता डोकं दुखतंय म्हणतील.

"येडा हायस," आई म्हणाल्या. "आंब्याचा मना काय करायचा हाय? तुझ्या संडासात मना बसता येत नाय, म्हणून नाय आले."

मामांना ते समजायला वेळ लागला. ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. खाली मान घालून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"येवढं सांगायला काय झालं व्हतं, अक्का?"

"लाज वाटते, दामा. गुडघा सांगता येतो. हे कसं सांगू?"

मामांनी तोंड पुसलं. मग मामींना म्हणाले, "मना पन वाढ."

सोमवार

सकाळी मामा गावातला एक टेम्पो घेऊन मुक्कामावर आले. इक्बालभाई आणि त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. दोघांनी मिळून सागवानी खुर्ची टेम्पोत चढवली. तुसाचं पोतं चढवलं. दार मात्र आईंनी ठेवायला लावलं. "घराला दार हाय दामाच्या. इथं लागंल दुसऱ्या बाईला." मग आई ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या, बॅग मांडीवर घेतली आणि मला म्हणाल्या, "तू जा. शाला हाय तुझी."

"तुम्ही कधी येणार?"

"बघतंय," त्या म्हणाल्या, आणि टेम्पो गेला.

इक्बालभाई टेकडीकडे बघत उभे होते. पहिल्या खोलीचं दार उंच करायचं, चौथरा फोडायचा, असं ते जुबेदाभाभींना सांगत होते. भाभी म्हणाल्या, "आधी माझ्या कोठीला दार बघा."

माझे यजमान जेएनपीटी बंदराच्या वाटेवरच्या एका कंटेनर यार्डात आहेत. त्या तीन दिवसांत त्यांची ड्यूटी होती. मी दुपारी एकटी घरी आले तेव्हा ते नुकतेच झोपून उठले होते. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, जिन्यात डोकावलं.

"आई कुठंय?"

"माहेरी गेल्या."

"किती दिवस?"

"बोलल्या नाहीत."

त्यांनी दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "भांडलात का तुम्ही?"